पडद्यावर उभं केलेलं घर

सिंगापुरात बुकित बातोकला आमच्या ब्लॉकची लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. आम्हाला वरच्या मजल्यावर उतरून एक जिना खाली यावं लागे, आणि त्या जिन्यातच आज घरात काय शिजतंय ते कळे. आई सुक्या मिरच्या तेलात टाकायची तेव्हा समोरच्या चिनी आंटीला ठसका लागायचा. ती जाळीच्या दारातून हात हलवत काहीतरी बोलायची आणि आई आतून मराठीतच ओरडायची, "झालं वं बाई, झालं, आता पाणीच टाकते." दोघींना एकमेकींची भाषा शेवटपर्यंत आली नाही, पण आंटी सणाला संत्री आणून द्यायची आणि आई तिला पाटोडीचा रस्सा वाटीभर द्यायची. तो तिखट रस्सा ती खायची की सिंकमध्ये ओतायची, हे आम्हाला कधीच कळलं नाही. वाटी मात्र धुऊन परत यायची.

दार आमचं दिवसभर उघडंच असे, फक्त लोखंडी जाळी लावलेली. त्या जाळीतून कॉरिडॉरमधला वारा आत यायचा आणि आतला आवाज बाहेर जायचा: कुकरची शिट्टी, माझी धाकटी बहीण मैत्री हिच्या इंग्रजी वाचनाचा सूर, आणि संध्याकाळी बाबा आले की त्यांच्या सेफ्टी बुटांचा जड आवाज. बाबा चंद्रपूरकडचे. आयटीआय करून फिटर झाले, पाइपांच्या कामात हात बसला आणि एका ठेकेदार कंपनीबरोबर सिंगापूरला आले. पुढे सुपरवायझर झाले तेव्हा आम्हाला बोलावून घेतलं. पहाटे कंपनीची बस त्यांना जुरोंग आयलंडवर, तेलशुद्धीकरणाच्या बेटावर, न्यायची. गळ्यात बेटाचा पास, हातात डबा. संध्याकाळी परत आले की त्यांच्या शर्टाला तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास असायचा. जेवताना ते फार बोलत नसत. मात्र एम्प्लॉयमेंट पासच्या, म्हणजे तिथे काम करायच्या परवान्याच्या, नूतनीकरणाचे दिवस जवळ आले की त्यांचं जेवण कमी व्हायचं. आई मग भाकरी लहान करायची, म्हणजे ताटात उरल्यासारखी दिसू नये.

अशा घरातून मी पॉलिटेक्निकला गेले. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत दहावीच्या पुढे कॉलेज नावाच्या इमारतीत पाय ठेवणारी मी पहिली. लोक हे अभिमानाने सांगतात, आणि आज मीही सांगते. पण त्या वेळी त्याचा अर्थ एवढाच होता की घरात कोणाला काही विचारता येत नव्हतं. मॉड्यूल म्हणजे काय, क्रेडिट म्हणजे काय, शिक्षकाला ईमेल पाठवताना सुरुवात कशी करायची, यातलं काहीच आईबाबांना माहीत असणं शक्य नव्हतं. आणि वर्गातल्या कोणाला विचारावं तर हिला एवढंही माहीत नाही असं त्यांना वाटेल, ही धास्ती. म्हणून मी मान हलवायला शिकले. शिक्षक काही सांगत, मी मान हलवी. मागे बसणारी हिदाया, माझी तिथली एकुलती एक मैत्रीण, मोठ्याने, सिंगापुरी ढंगाच्या इंग्रजीत म्हणायची, "सर, आय डोन्ट अंडरस्टँड लेह." मला तिचा हेवा वाटायचा. न कळल्याचं इतक्या सहज सांगता येतं, हे मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या वर्षी गोह सरांनी आम्हाला गेम इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, शिकवायला घेतलं. सडपातळ, नेहमी फिक्या निळ्या शर्टातले, चेहऱ्यावर राग आहे की झोप ते कळू नये असे. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला एक सीडी दिली आणि म्हणाले, घरी टाकून बघा, हात फिरवा, बिघडवा. बिघडवा हा शब्द ऐकून मी घाबरलेच. घरचा कॉम्प्युटर बाबांनी क्वीन्सटाउनच्या एका मराठी कुटुंबाकडून जुना घेतला होता. हॉलमध्ये बुद्धमूर्तीच्या फळीखाली, जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला तो ठेवलेला. बाकीच्या टेबलावर आम्ही जेवायचो. त्यात काही बिघडवण्याची परवानगी मला कोणी दिलेली नव्हती.

सीडी टाकली, पट्टी सरकत राहिली, आणि शेवटी एक खिडकी उघडली. करड्या रंगाची रिकामी जागा. तिच्यात दूरवर जाणाऱ्या बारीक रेघा, मध्यभागी लाल, हिरवा आणि निळा असे तीन बाण. भोवती इतकी बटणं की नेमकं बघायचं कुठे ते कळेना. एखाद्या मोठ्या कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये एकटीला सोडून बाकीचे घरी निघून गेलेत, तसं काहीसं. मी एक ठोकळा ठेवला. गेम सुरू करण्याचं बटण दाबलं. ठोकळा खाली पडायला लागला आणि पडतच राहिला. लहान, आणखी लहान, मग ठिपका, मग काहीच नाही. मी खाली जमीन ठेवलेली नव्हती. वजन इंजिनात आपोआप होतं, जमीन मात्र आपण ठेवायची होती. हे आज मी नव्या मुलांना हसत सांगते. त्या दुपारी मी सीडी काढून तिच्या पाकिटात घातली आणि भांडी घासायला गेले.

पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. जमीन ठेवली, भिंत ठेवली. मग भिंत एका बाजूने दिसे आणि दुसऱ्या बाजूने दिसेनाशी होई. दार ठेवलं, तर ते बिजागरीवर न फिरता मधोमध फिरे, हॉटेलच्या फिरत्या दारासारखं. दार उघडण्यासाठी चार ओळींचा कोड लिहायचा होता. मी सीडीवरच्या मदतीच्या पानांतून तो जसाच्या तसा उतरवला आणि खाली लाल अक्षरांत चुकांची रांग लागली. माझ्या चार ओळी, त्यांच्या अकरा. ती पानं लिहिणाऱ्याला वाटत होतं की वाचणाऱ्याला निम्मं आधीच येतं. मी प्रत्येक वाक्य दोनदा वाचायची, आणि दुसऱ्यांदा ते जास्तच परकं वाटायचं.

गोह सरांच्या खोलीच्या दारावर एक कागद होता: कन्सल्टेशन, बुधवारी दुपारी. तो कागद मी रोज बघायची. माझी अशी समजूत होती की जे विद्यार्थी नापास होणार असतात त्यांना तिथे बोलावून घेतात आणि मग घरी कळवतात. चंद्रपूरच्या शाळेत हेडमास्तरांच्या खोलीत आपण होऊन कोणी जात नसे. त्यामुळे बुधवारी दुपारी मी त्या खोलीकडचा जिना टाळून लांबच्या बाजूने कँटीनला जायची. हिदाया दर बुधवारी आत जायची आणि हसत बाहेर यायची. मला वाटायचं, बिचारी, किती धीराची आहे.

महिन्यातून एका रविवारी आम्ही कोणा ना कोणा मराठी कुटुंबाच्या घरी बुद्धवंदनेला जमत असू. बहुतेक जण इंजिनिअर, काही संशोधन करणारे. आईबाबा तिथे जरा अंग चोरून बसत. सगळे प्रेमळ होते, मान द्यायचे. पण बोलण्यात पीएचडी आणि परिषदा आल्या की बाबा चहाचे कप उचलायला उठत. त्या दिवशी आम्ही क्वीन्सटाउनला मेश्राम काकांकडे होतो. वंदना झाली, खीर झाली, आणि काकांनी मला सगळ्यांच्या देखत विचारलं, "काय शिकून राहिली बेटा तू आता?"

"डिजिटल मीडिया, काका. पुढच्या वर्षी गेम डेव्हलपमेंट घ्यायचं आहे."

"गेम?" काका थांबले. "खेळायचे गेम?"

"बनवायचे," मी म्हटलं. आवाज इतका लहान निघाला की काकूंनी "काय म्हणाली?" असं विचारलं, आणि काकांनी त्यांना सांगितलं, "गेम बनवते म्हणे." कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे विचारात पडले, आणि तो विचार माझ्याबद्दल काळजीचा होता. आमच्या लोकांनी शिक्षणासाठी काय काय सोसलं हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. एवढं सोसून मिळालेलं शिक्षण या मुलीने खेळण्यात घालवायचं, हे त्यांच्या चेहऱ्यांवर वाचता येत होतं. मी स्वतःही ते वाचत होते आणि मनात त्यांच्याच बाजूची होते.

परतताना एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, बाबा माझ्या शेजारी बसले. गाडीच्या दाराकडे बघत म्हणाले, "आमच्या साहेबाशी बोललो मी. लॅबमध्ये ट्रेनी घेऊन राहिले. पोट्ट्या पण घेतात. शिकवतात, पगार देतात, पुढं पास पण कंपनीच करते. माहं काही खरं नाही, बेटा. कधी म्हणतील जा, तर आपल्याला सगळ्यांना जा लागते. तुहा पास तुह्या नावाचा झाला म्हणजे…" थोड्या वेळाने म्हणाले, "साहेबानं नाव लिहून घेतलं तुहं."

"आणि गेमच्या वर्गात मला घेतलं तर?"

"घेतील का?"

मला माहीत नव्हतं. गेमच्या वर्गात जागा थोड्या होत्या आणि सत्राच्या शेवटी एक काम दाखवायचं होतं. त्यावर गोह सर निवड करणार होते. बाबा म्हणाले, "घेतलं तर पाहू. नाही घेतलं तर मंग ट्रेनी." असा आमचा करार झाला. त्यात कोणावर जबरदस्ती नव्हती, आणि म्हणूनच तो मोडायला मला काही कारण नव्हतं. बाबांनी माझं वाईट चिंतलं असतं तर मला भांडता आलं असतं.

काम असं होतं: तुम्हाला चांगली माहीत असलेली एक जागा इंजिनात उभी करा, खेळणाऱ्याला तिच्यातून फिरता आलं पाहिजे. वर्गातल्या मुलांनी अंतराळयानं घेतली, किल्ले घेतले. चांगली माहीत असलेली जागा म्हणजे हेच, असं त्यांना कसं वाटलं कोण जाणे. माझ्याकडे सांगण्यासारखी एकच जागा होती. मी आमचा फ्लॅट घेतला.

सुटीच्या दिवशी बाबांनी स्टीलची टेप काढली आणि घर मोजून दिलं. त्यांना हे काम आवडलं होतं असं मला आज वाटतं. त्या वेळी फक्त ते मिलिमीटरमध्ये मोजतायत आणि मला मीटर हवेत, एवढंच टोचत होतं. पुढचे काही आठवडे दुपारभर मी टेबलाच्या टोकाला बसायची. आई दुसऱ्या टोकाला मेथी निवडत पडद्याकडे बघायची.

"हे काय करून राहिली वं दिवसभर? नुसत्या भिंतीच."

"आपलं घर आहे, आई."

"हे?" ती मेथीची जुडी घेऊन जवळ आली. "ओटा कुठं आहे? आणि ही खिडकी कायले एवढी मोठी? आपल्या घरी एवढा उजेड असता तर मी लाइट लावला असता का दुपारी?"

मी खिडकी लहान केली. तिचं बरोबर होतं. मैत्री शाळेतून यायची, दप्तर टाकायची आणि माझ्या खांद्यावरून बघायची. "ताई, सो एम्प्टी लाह. नो मॉन्स्टर, नो गन. हू वॉन्ट टु प्ले?"

"हा तसा गेम नाहीये."

"देन व्हॉट काइंड?"

मी नुसती त्या घरातून फिरायची. माझा खेळाडू हॉलमध्ये, बुद्धमूर्तीच्या फळीसमोर सुरू व्हायचा, स्वयंपाकघरात जायचा, दार उघडायचा, बंद करायचा, आतल्या खोलीत जाऊन खिडकीपाशी उभा राहायचा. सगळं चालत होतं. काहीतरी मोडेल या भीतीने मी एकेक दार पुन्हा पुन्हा तपासायची. झोपायला जाण्याआधी तपासायची, उठल्यावर तपासायची.

काम दाखवण्याच्या आदल्या दिवशी आईला मी पूर्ण घर फिरवून दाखवलं. ती खुर्चीवर ताठ बसून, हात मांडीवर ठेवून बघत होती, परीक्षा तिचीच असल्यासारखी. शेवटी मी दार उघडून कॉरिडॉर दाखवला, तर म्हणाली, "चपला कुठं आहेत?"

"कसल्या चपला?"

"दाराबाहेर. कोणाच्याही दाराबाहेर चपला नाहीत. घरात माणसं आहेत का नाहीत, कसं समजावं? कुलूप लावून गावाले गेल्यासारखं दिसते."

मला ते एकदम पटलं. कॉरिडॉर खरोखर ओसाड दिसत होता. मी बसून एक चप्पल बनवली, तळवा आणि दोन पट्टे. मग बाबांचे बूट बनवले, जाड आणि उंच. आई सांगत गेली आणि मी ठेवत गेले. मैत्रीचे शाळेचे बूट. आईची रबरी चप्पल. मग आई म्हणाली की वंदनेचा रविवार आहे असं समज, म्हणजे घर भरलेलं वाटेल, आणि मी मेश्राम काकांचे सँडल, काकूंच्या, त्यांच्या मुलांच्या, येणाऱ्या सगळ्यांच्या चपला उंबऱ्यापाशी दाटीवाटीने मांडल्या, रविवारी खरोखर असतात तशा, एकीवर एक. प्रत्येक वस्तू आत आणताना इंजिन एका चौकटीत काहीतरी विचारायचं. तो शब्द मला पुरता कळला नव्हता. टिक केलेली बरी, असं समजून मी दर वेळी टिक केली. मग नेहमीसारखं हॉलमधून सुरुवात करून सगळी दारं तपासली. सगळं चाललं. आई म्हणाली, "आता दिसते घर."

दुसऱ्या दिवशी माझा नंबर दुपारी आला. पडदा मोठा होता आणि वर्गातले दिवे मंद केले होते. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "धिस इज अ फ्लॅट इन बुकित बातोक," आणि गेम सुरू करणार तेवढ्यात गोह सर मागून म्हणाले, "तुझा खेळाडू घराच्या आत का सुरू होतो?"

मी म्हटलं, "सर, कारण… तो तिथे राहतो."

"मी नाही राहत. मी पाहुणा. मला बाहेर ठेव."

मी खेळाडूची जागा आतून उचलून कॉरिडॉरमध्ये ठेवली. हे मी त्याआधी एकदाही केलं नव्हतं. इतक्या आठवड्यांत माझ्या घरात बाहेरून कोणी आलंच नव्हतं. सर पुढे आले, माउस हातात घेतला आणि पडद्यावर चालायला लागले. आंटीच्या जाळीपुढून आमच्या दारापाशी आले. दार उघडलं. हॉल दिसला, मूर्तीची फळी दिसली. सर पुढे जायला बघत होते आणि जात नव्हते. डावीकडून प्रयत्न केला, उजवीकडून केला. मागे जाऊन धावत आले. उंबऱ्याशी येऊन थबकले.

"आय कान्ट गो इन," सर म्हणाले.

मागे कोणीतरी हसलं. मला दिसत होती ती लॅब, पांढरा कोट, नावाचा पास. खरं सांगायचं तर त्या क्षणी थोडं सुटल्यासारखंही वाटलं. चला, संपलं, आता रोज ही धाकधूक नको. सरांनी माउस खाली ठेवला. अडलेलं काम ज्याचं त्याने तिथेच, सगळ्यांसमोर सोडवायचं, ही त्यांच्या वर्गातली रीत होती. ते बाजूला झाले आणि म्हणाले, "टेक युअर टाइम."

मी खुर्चीवर बसले. दार तपासलं, दार ठीक होतं. जमीन तपासली, ठीक होती. घाईत बाण भलतीकडेच ओढला जाऊन हॉलची भिंत तिरकी झाली, पुन्हा हशा. वेळ चालला होता. आधी जे चालत होतं त्यात काल नवीन काय घातलं, असा विचार केला तेव्हा चपलांकडे लक्ष गेलं. सगळ्या निवडून काढून टाकल्या तर? माझं बोट त्या बटणावर गेलंसुद्धा. पण नक्की त्यांच्यामुळेच अडलंय का हे मला ठाऊक नव्हतं, आणि काढून टाकूनही नाही चाललं तर हातात काहीच उरणार नव्हतं. मी इकडे तिकडे पाहिलं. आणि मग मी ते वाक्य म्हटलं, जे दीड वर्षात एकदाही म्हटलं नव्हतं.

"सर, मला कळत नाहीये. काय अडवतंय ते बघायचं कसं?"

गोह सरांनी झोपेतून उठल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "तू विचारलंस," ते म्हणाले. "इतके दिवस मला वाटायचं, ही गप्प बसते म्हणजे हिला सगळं येतं." मग त्यांनी मेनूतली एक जागा बोटाने दाखवली. मी ती दाबली आणि पडद्यावर प्रत्येक वस्तूभोवती हिरव्या रेघांचा पिंजरा उमटला. भिंतींभोवती, ओट्याभोवती. आणि उंबऱ्यावर, एकावर एक चढलेल्या चपलांचे आणि बाबांच्या बुटांचे पिंजरे मिळून एक हिरवी भिंतच उभी होती. चौकटीत टिक करून मी प्रत्येक चपलेला दगडासारखं घट्ट केलं होतं.

"अय्यो," हिदाया मागून म्हणाली, "सो मेनी शूज! युअर हाउस गॉट वेडिंग आह?"

आता सगळे हसले, गोह सरही. मी लाजेने लाल झाले होते, तरी माझ्या तोंडून उत्तर गेलं, "नो, संडे प्रेयर. एव्हरीबडी कम्स." सरांनी विचारलं, इतके लोक त्या एवढ्याशा फ्लॅटमध्ये? मी म्हटलं, हो, सर, कधी कधी याहून जास्त. मी चपला काढल्या नाहीत. एकेक निवडून तिची टिक काढत गेले, किती वेळ गेला आठवत नाही, आणि मधेच अडले तेव्हा दुसरा प्रश्न विचारला, तो पहिल्यापेक्षा सोपा गेला. मग सरांनी पुन्हा माउस घेतला. चपलांवरून चालत, उंबरा ओलांडून आत गेले. हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून आतल्या खोलीत. खिडकीपाशी थांबले. बराच वेळ तिथेच होते. मग "नेक्स्ट," म्हणाले.

तास संपताना त्यांनी पुढच्या वर्षाच्या वर्गाची नावं वाचली. माझं नाव शेवटचं होतं आणि त्यांनी ते चुकीचं उच्चारलं, म्हणून मी उठले नाही. हिदायाने मला कोपराने ढोसलं.

घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, हातांना पिठाचा वास होता, आणि लगेच म्हणाली, "बाबाले जेवण झाल्यावर सांग." मी जेवण झाल्यावर सांगितलं. बाबांनी ताटात हात धुतले, टॉवेलने एकेक बोट पुसलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद आला होता, मी पाहिला, आणि त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं.

"साहेबाले काय सांगू आता?" ते म्हणाले.

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पासचं नूतनीकरण तोंडावर होतं, त्या कागदावर साहेबांचीच सही लागायची, आणि त्याच साहेबांकडे शब्द टाकून मिळवलेली जागा आता नको म्हणून सांगायची होती. मैत्री गृहपाठातून मान वर करून म्हणाली, "बाबा, जस्ट टेल हिम ताई इज सिक लाह."

"खोटं कायले बोलू?" बाबा म्हणाले. "पंचशील म्हणतो ना आपण?" मग माझ्याकडे वळले. "तूच सांग, इंग्रजीत कसं म्हणायचं. नीट. त्याले वाईट नाही वाटलं पाहिजे."

मी त्यांना वाक्य करून दिलं. सर, थँक्यू फॉर युअर हेल्प. मग पुढचं, की माझी मुलगी शिकणं चालू ठेवणार आहे. त्यांनी दोनतीनदा म्हणून पाहिलं. मग विचारलं, "शेवटी काय म्हणू? स्टडीज म्हणू का गेम म्हणू?"

खरं तर मला स्टडीज म्हणायचं होतं. त्यात गेम झाकला जात होता. मी म्हटलं, "तुम्हाला जमेल ते म्हणा, बाबा."

बाबा जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांच्या खूप गोष्टी मी विसरत चालले आहे, आवाजसुद्धा कधी कधी पटकन आठवत नाही. पण दुसऱ्या दिवशीची सकाळ आठवते. मी त्यांच्याबरोबर खाली बसथांब्यापर्यंत गेले. उजाडत होतं, रस्ता ओला होता, बेटाकडे जाणारी माणसं गळ्यात पास घालून रांगेत उभी होती. बस आली, बाबा चढले आणि खिडकीपाशी बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोर बघत ते कालचं वाक्य मनाशी म्हणत होते, थांबत होते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. काचेतून मला फक्त त्यांचे ओठ हलताना दिसत होते. थँक्यू झालं, मुलगी झाली. स्टडीज म्हणताना माणसाचे ओठ उघडेच राहतात, गेम म्हणताना मिटतात. बाबांचे शेवटच्या शब्दाला मिटले. त्यांनी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, पुन्हा मिटले, आणि बस निघाली.